ओल्या डोक्यांची शाळा

चौबळ मास्तरांवर गावाचा संशय होता. माझाही होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मी फार भली पोर होते असं कुणाला वाटायला नको.

संशयाला एकच एक कारण नव्हतं. खालापूरकडून बदलून ते आमच्या शाळेवर आले तेव्हा बरोबर एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि एक काळी छत्री, एवढंच सामान. बायको नाही, आई नाही. रांधून खायचं ते स्वतःच. गळ्यात जानवं आणि तव्यावर सुकट, त्यामुळे हा माणूस नक्की कुठल्यातला याचा आमच्या कुणब्यांच्या गावाला पत्ता लागेना. कर्जत स्टेशनाबाहेर सभा भरवणारी खादीवाली मंडळी त्यांना सरकारचा माणूस समजायची, कारण ते गिरणीचं धोतर नेसत. आणि सरकारी माणसं त्यांना खादीवाल्यांतला समजायची, कारण मामलेदार समोरून आले तरी मास्तर छत्री मिटत नसत. ऊन असो, पाऊस असो, नुसतं मळभ असो, छत्री उघडीच. तिला एका जागी राखी रंगाचं ठिगळ होतं. ते कायम मागच्या अंगाला येईल अशी ते ती धरत. "पुढून बघणाऱ्याला छत्री काळी दिसली म्हणजे झालं," असं म्हणून स्वतःच हसत. आम्ही मुलं नेहमी मागून चालायचो, त्यामुळे आम्हाला ठिगळच दिसायचं.

आमचं गाव भिसेगावच्या पलीकडे, रुळांच्या कडेला. माझा बा रेल्वेत सांधेवाला. गावातल्या तीन मुली शाळेत जात, त्यातली मी एक. जायची ती बाच्या मर्जीने, आणि ती मर्जी कधी फिरेल याचा नेम नव्हता. आमचे पाटील आठवड्यातून एकदा ओट्यावर येऊन बसायचे आणि विचारायचे, "काय रं, पोरगी बालिस्टर झाली का नाय अजून?" बा हसायचा. पाटील गेले की मात्र माझ्याकडे बघायचा. तसं बघितलं की मी पाटी उचलून आत जायची.

घरी मी यमी. हजेरीपटावरही यमीच लागलं होतं. मास्तरांनी पहिल्या दिवशी हजेरी घेताना तिथे बोट थांबवलं.

"यमी की यमुना?"

"यमुना," मी म्हटलं. तोवर मला कुणी विचारलंच नव्हतं.

त्यांनी टाक बुडवून ते खोडलं आणि वर यमुना लिहिलं. आज पत्राखाली मी सही करते ती त्यांनी लिहिलेल्या नावाची.

फळ्याचे त्यांनी खडूची रेघ मारून दोन भाग केले होते. डावीकडे 'पाहिलेलं', उजवीकडे 'ऐकलेलं'. सकाळी प्रार्थना झाली की प्रत्येकाने एक बातमी सांगायची आणि ती कुठल्या बाजूला जाईल ते स्वतःच ठरवायचं.

"मास्तर, माळावर वाघ आलाय," गणपतने एकदा सांगितलं.

"पाहिलास की ऐकलास?"

"ऐकला."

"वाघ ऐकलास, की वाघ आल्याचं ऐकलंस?"

वर्ग हसला. गणपतने बराच विचार करून सांगितलं, "मामाकडून ऐकलं. पन मामानंबी कुनाकडून तरी ऐकलाय."

उजवी बाजू रोज खालपर्यंत भरायची. डावीकडे कधी 'गणपतचा दात पडला', कधी 'स्टेशनमास्तरांची गाय व्यायली', एवढंच असायचं. मास्तर कधी रागावले नाहीत. ऐकलेलं खोटं असतं असंही कधी म्हणाले नाहीत. "ऐकलेलं ऐकलेल्याच्या खणात ठेवा," एवढंच सांगत.

त्या वर्षी मार्गशीर्षात एका शनिवारी ते आम्हाला थडग्यांवर घेऊन गेले.

पळसदरीच्या वाटेवर, रुळांच्या वरच्या अंगाला गोऱ्यांची जुनी दफनभूमी होती. घाटातून रेल्वे काढताना मेलेले साहेबलोक तिथे पुरलेले. भोवतीच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, खिंडारं पडली होती, आत करवंदीच्या जाळ्या माजल्या होत्या. गाई चारणारी पोरंसुद्धा तिकडे फिरकत नसत. आम्ही चौदा जण छत्रीमागून निघालो. मास्तरांच्या पिशवीत काथ्याचा कुंचला, कोळसा आणि पातळ कागद. कुंचल्याने दगडावरचं शेवाळ काढायचं, कागद लावायचा, वरून कोळसा फिरवायचा. काळ्यातून पांढरी अक्षरं वर आली की आम्ही ओरडायचो. ती इंग्रजी आम्हाला कळत नसत. मास्तर वाचून दाखवत आणि आम्ही पाटीवर जन्माचं साल, मरणाचं साल लिहून घेत असू.

"वजा करा."

हातच्याची वजाबाकी मी त्या थडग्यांवर शिकले. बावीस वर्षं. एकोणतीस वर्षं. एका दगडाखाली एक बाई आणि तिचं मूल. मुलाची वजाबाकी करता येईना, कारण साल एकच होतं. साहेब म्हणजे पिकल्या मिशांचा, असं आम्ही धरून चाललो होतो. ही तर आमच्या थोरल्या भावांच्या वयाची माणसं निघाली. सगळी सालं फळ्यासारखी ओळीने लावली तेव्हा सात जण एकाच पावसाळ्यात गेलेले निघाले.

"कशाने गेले असतील?"

"वाख्यानं," दोघेतिघे एकदम म्हणाले. पटकीला आमच्याकडे वाखा म्हणतात, आणि तो घाटाच्या कामावर कसा आला होता हे प्रत्येकाने आजीकडून ऐकलं होतं. ऐकलेलं आणि दगडावर पाहिलेलं पहिल्यांदा जुळलं. मास्तरांना इतका आनंद झाला की छत्री वाकडी होऊन ठिगळ पुढे आलं.

तेव्हा मी विचारलं. मुद्दाम नव्हे, तोंडातून गेलं. "मास्तर, साहेब एवढेच मेले, मग आपली मानसं किती मेली? त्यांना कुठं पुरलं?"

त्यांनी गडग्याबाहेर पाहिलं. उतारावर दगडांचे लहान लहान ढीग होते. आम्ही येताना त्यांच्यावरून उड्या मारत आलो होतो.

परतताना त्यांनी आम्हाला वाटेतल्या वहाळावर, म्हणजे ओढ्यावर, थांबवलं. "डोक्यावरून पाणी घ्या सगळ्यांनी. तुमच्या घरी मसणातून आलेलं माणूस तसंच उंबऱ्याच्या आत येत नाही. तुमच्या आयांच्या घराला माझ्यामुळे विटाळ नको." स्वतः त्यांनी आधी लोटा ओतून घेतला. गार पाण्याने आमचे दात वाजायला लागले.

मास्तरांचा हिशेब इथेच चुकला. भर दुपारी ओल्या डोक्यांची माणसं ओळीने गावात शिरतात ती फक्त कुणाला तरी पोचवून आल्यावर. आईने मला पाहिलं आणि तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

"कोन गेलं गं?"

मी बोलेपर्यंत आळीत आरडाओरडा झाला. शेजारच्या तुकाक्काची सासू ओट्यावर डोळे मिटून उन्हाला बसली होती. दोघींनी जाऊन तिला हलवून पाहिलं. म्हातारीने डोळे उघडून दोघींना अशा शिव्या दिल्या की तिची तरी काळजी मिटली. कुणीच गेलं नाही हे कळल्यावर लोकांना हायसं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही.

"थडग्यांवर नेली पोरं," पाटील ओट्यावर बसून म्हणाले. "आन् वर धुऊन आनली. काय केलंच नसंल तर धुतली कशाला?"

मास्तरांनी गावाची रीत पाळली, तोच गावाला पुरावा मिळाला.

पुढच्या शनिवारी चौदांतले सहा उरले. त्यात मी होते ते बाने एक अट घातली म्हणून. "जा तू. पन डोळं उघडं ठेव. मास्तर काय करतो, पिशवीत काय भरतो, समदं मला येऊन सांगायचं. नाय सांगितलंस तर शाळा बंद."

मी हो म्हटलं. शाळा हवी होती.

मास्तरांनी आता नवीन काम काढलं होतं. घरोघरी विचारायचं, घाटाच्या कामावर कोण गेलं होतं, कोण परत आलं नाही, आणि ती नावं बोगद्याच्या नंबरासकट पिवळ्या पुठ्ठ्याच्या वहीत उतरवायची. माझ्या प्रश्नातून निघालेलं काम ते. लोक नावं देईनात. मेलेल्यांची नावं कुणी कशाला मागेल? कुणी म्हणे करणी करायला, कुणी म्हणे नवी पट्टी बसवायला. तुकाक्काने माझ्यासमोर पोराच्या पाठीत धपाटा घातला, "आज्याचं नाव सांगितलंस तर बघ!"

म्हणून मास्तर आम्हा सहा जणांना घेऊन वर ठाकुरवाडीला गेले, पोशा नावाच्या म्हाताऱ्या ठाकराकडे. पोशा दारात बसून वेताची टोपली विणत होता. मास्तर अंगणाच्या कडेला थांबले आणि त्यांनी छत्री मिटली. मामलेदारांपुढे न मिटलेली छत्री त्यांनी तिथे मिटून जमिनीवर ठेवली आणि स्वतःही जमिनीवर बसले.

पोशाने वर पाहिलं नाही. "नावं कशाला पायजेत? सायबानं ज्याचं ज्याचं नाव इचारलं, तो दुसऱ्या दिशी बोगद्यात. आता मेल्यांनाबी खनायला नेनार का काय?"

"नाही. लिहून ठेवायची आहेत."

"कुटं?"

"या वहीत."

"वई कुनाजवळ ऱ्हानार?"

"माझ्याजवळ."

"आन् तू मेल्यावर?"

मास्तर आमच्याकडे हात करून म्हणाले, "यांच्याजवळ."

पोशाने एकेकाकडे निरखून पाहिलं. माझ्यावर त्याची नजर जरा जास्तच थांबली आणि मला वाटलं, याला कळलं. बाने मला कशासाठी पाठवलंय ते याला कळलं.

"ही लिवतीय?"

"छान लिहिते."

"मंग हिला लिवू दे. चाहू. माजा थोरला भाव. माती अंगावर आली. मी तवा पानी वाहायला होतो." त्याने वेताची एक काडी ओढून घट्ट केली. "आमच्यातल्याला कोन दगूड लावतोय. आमीच दगडं गोळा करून वर रचली."

वही मांडीवर घेऊन मी लिहिलं. मास्तरांच्या बारीक, तिरक्या अक्षरांखाली माझं मोठं, वाटोळं अक्षर. त्या दिवशी पोशाने आणखी चार नावं दिली. चारही मीच लिहिली.

उतरताना आम्ही दफनभूमीवरून आलो. बाकीचे वहाळाकडे पुढे धावले, मी मागे राहिले, कारण मला पाळत ठेवायची होती. मास्तर त्या बाईच्या आणि मुलाच्या थडग्यापाशी वाकले. जाळीत हात घालून त्यांनी काहीतरी पांढरं उचललं, फडक्यात गुंडाळलं आणि पिशवीत ठेवलं. मग चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं. निदान मला तेव्हा तसं वाटलं.

वाटेत गणपत म्हणाला, "माझा मामा बोलतो, मास्तर हाडं नेतो."

घरी ओट्यावर पाटील बसलेलेच होते. बाने विचारलं, "आज काय?"

मी सांगितलं, की पिशवीत काहीतरी पांढरं ठेवलं.

"पांढरं म्हंजे?" पाटील पुढे सरकले. "हाड का?"

मी पायाच्या अंगठ्याने ओट्याची माती उकरायला लागले.

"बघा, पोरगी मास्तराला झाकती," पाटील बाला म्हणाले. "शिकलेली पोरं अशीच."

बाने माझ्याकडे पाहिलं. तेच ते बघणं. शाळा माझ्या हातातून निसटताना मला दिसली.

"हाड," मी म्हटलं.

"तू पायलंस?"

"पायलं."

पांढरं मी पाहिलं होतं. हाड ऐकलं होतं. दोन्ही मी एका खणात घातलं, तेही ज्यांनी मला खण शिकवले त्यांच्याविरुद्ध.

तक्रार वर गेली आणि पंधरवड्यात दिपोटी आले. शाळा तपासणाऱ्या साहेबांना आम्ही दिपोटीच म्हणत असू. बरोबर चौकीचा एक हवालदार होता. फळ्यापुढे खुर्ची मांडली. पाटील, बा, आणखी चार पालक भिंतीला टेकून उभे. मास्तर दाराशी, त्यांची छत्री कोपऱ्यात मिटलेली. मला पुढे उभं केलं.

"मुली, तू काय पाहिलंस?"

मी फळ्याकडे पाठ करून उभी होते. मागे ती खडूची रेघ आहे हे मला पाठीला जाणवत होतं. आता मास्तर विचारतील, अशी मी वाट पाहत होते. त्यांनी विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं, असं मला आजही वाटतं. पण ते मी स्वतःचीच समजूत घालायला म्हणत नसेन कशावरून? त्यांनी विचारलं नाही. सगळ्या वर्षात तेवढ्या एकाच वेळी विचारलं नाही. माझ्याकडे नव्हे, ते माझ्या बाच्या तोंडाकडे बघत होते.

"हाड," मी म्हटलं. "पिशवीत घातलं."

हवालदाराने पिशवी टेबलावर उपडी केली. कुंचला. कोळसे. कागदाची गुंडाळी. मग ते फडकं. पाटलांनी मान लांब केली. फडक्यातून संगमरवराचा तळहाताएवढा तुकडा निघाला, त्यावर दोन इंग्रजी अक्षरं.

"मुलाच्या नावातली आहेत," मास्तर म्हणाले. "दगडाचा कोपरा फुटून जाळीत पडला होता. परत बसवायला चुना मळणार होतो."

दिपोटींच्या चेहऱ्यावर हसू आलं. मला वाटलं, सुटलो सगळे. पण हवालदाराच्या हाती पिवळी वही लागली होती.

"साहेब, यात बोगद्यांचे नंबर हायत. आन् मानसांची नावं."

हसू गेलं. ते दिवसच तसे होते, चळवळीतल्या लोकांनी रूळ उखडल्याच्या बातम्यांचे. रुळांजवळून नुसतं दोनदा चाललं तरी चौकशी व्हायची. दिपोटींनी पानं उलटली. "हे कुणी लिहायला सांगितलं?"

"मुलांनी विचारलं, आपली माणसं कुठे पुरली. म्हणून."

"कुठल्या मुलाने?"

"वर्गाने."

दिपोटी एका पानावर थांबले. "आणि हे अक्षर कुणाचं? हे तुमचं दिसत नाही."

बा भिंतीपासून जरासा पुढे झाला. माझं अक्षर त्याला वाचता येत नव्हतं. पण घरी राखेत गिरवताना त्याने ते इतक्या वेळा पाहिलं होतं, की ओळखायला वाचावं लागलं नसतं.

"माझंच," चौबळ मास्तर म्हणाले. "मांडीवर धरून लिहिलं, म्हणून मोठं आलंय."

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकच खोटं.

वही दिपोटी घेऊन गेले. मास्तरांची बदली आठ दिवसांत झाली, खालापूरच्या पलीकडे, डोंगरातल्या कुठल्याशा एकशिक्षकी शाळेवर. निरोप दिला तर आपल्यावर यायचं, म्हणून गावातलं कुणी स्टेशनावर गेलं नाही. मीही गेले नाही. पाटलांचं म्हणणं असं, की तो सरकारचाच माणूस होता, नावं घेऊन गेला, आता पट्टी बसतेय बघा. पट्टी काही बसली नाही, पण पाटलांचा संशयही गेला नाही.

माझी शाळा वाचली का? नाही. "ज्या शाळेत असलं चालतं तिथं पोरगी कशाला?" बा म्हणाला. मराठी चौथीतून माझं नाव निघालं. पुढच्या वर्षी लग्न झालं.

आता मी इटारसीला असते. इथली बोली वेगळी, झाडं वेगळी. माझ्या मुलीने शेजारणीची काही बातमी आणली की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "पाहिलंस की ऐकलंस?" ती चिडते. वाचायला मिळेल ते मी वाचते, चार ओळी लिहिता येतात, रामायणाची पोथी चाळीतल्या बायकांना वाचून दाखवते. हे सगळं कुणाचं, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगायचं तर उरलेलंही सांगावं लागलं असतं.

शेवटचं पाहिलं ते सासरी येतानाच. वाटेत घाटावर नणंदेकडे थांबायचं होतं. कर्जतला गाडीला मागून ढकलणारं इंजिन जोडलं आणि गाडी सावकाश चढणीला लागली. माझ्या डोक्यावरून पदर होता, समोर दीर बसले होते. खिडकीशी बसायला मिळालं होतं एवढंच. पळसदरीच्या वाटेवरचा तो वहाळ आला तेव्हा गाडी माणसाच्या चालीने चालली होती.

खाली खडकावर कुणीतरी वाकून बसलं होतं आणि पोशा त्याच्या डोक्यावर लोटा ओतत होता. पलीकडे छत्री उघडी ठेवलेली. ठिगळ रुळांकडे आलं होतं, म्हणून मी ओळखली. तिच्या सावलीत, पाणी उडणार नाही अशा बेताने, एक वही ठेवली होती, वर दगड. पहिली पिवळ्या पुठ्ठ्याची होती. ही तांबडी.

मास्तरांनी डोकं वर केलं, कपाळावर हात आडवा धरला आणि गाडीकडे पाहिलं. केसांतून पाणी गळत होतं. मी हात बाहेर काढला. दीर म्हणाले, "हात आत घ्या वहिनी, बोगदा येतोय." मी आत घेतला.

त्यांनी मला ओळखलं की नाही, ते मला सांगता येणार नाही. वही मात्र मी पाहिली.